पहिला लॉट आणि त्यानंतर : प्रस्तावना

नवी वस्तू सर्वांगाने पूर्ण करून मगच बाजारात आणावी, की कामापुरती उभी राहताच ती मोजक्या ग्राहकांच्या हाती देऊन त्यांच्या वापरातून तिची घडण पुढे नेत जावी, हा पेच कारागिरीइतकाच जुना आहे. त्याला अभ्यासविषयाचे रूप मात्र विसाव्या शतकात आले, आणि तेही आधी टेलिफोन व मोटारी बनवणाऱ्या कारखान्यांत व मग संगणकप्रणाली लिहिणाऱ्यांच्या दालनांत. या पेचातील दुसऱ्या मार्गाचा हा ग्रंथ विचार करतो. या मार्गात तीन क्रिया एकमेकींत गुंतलेल्या असतात : वस्तू अपुरी असतानाच ती बाहेर काढणे, वापरणाऱ्याचे म्हणणे ऐकणे, आणि ऐकलेले वस्तूत उतरवणे. पहिल्या क्रियेविषयी अलीकडे फार लिहिले-बोलले जाते, कारण तिच्यात धाडसाचा आभास आहे. दुसरीविषयी त्याहून कमी, आणि तिसरीविषयी अगदीच थोडे, कारण तिला साचा, यंत्र, पैसा आणि अधिकार लागतो. प्रस्तुत ग्रंथ तिसऱ्या क्रियेपासून सुरुवात करतो. वस्तूत बदल करू शकणाऱ्या माणसापर्यंत तक्रार पोहोचण्याची वाट आधी बांधलेली नसेल, तर लवकर बाजारात येणे म्हणजे सदोष माल लवकर विकणे ठरते, ही त्याची मध्यवर्ती भूमिका आहे, आणि ती ज्या मुलखातून मांडली गेली आहे तो मुलूख लक्षात घेतल्याशिवाय तिचे मर्म उलगडणार नाही.

सिल्वासा हे दादरा आणि नगर हवेलीचे मुख्य ठिकाण. सुमारे ४९१ चौरस किलोमीटरचा हा प्रदेश १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला, ११ ऑगस्ट १९६१ रोजी भारतात विलीन झाला आणि २६ जानेवारी २०२०पासून दमण व दीवसह एकाच केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे. मुक्तिलढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मंडळी उतरली होती हे मराठी वाचकाला ठाऊक असते; त्यानंतरच्या दशकांत तिथे काय घडले हे सहसा ठाऊक नसते. वारली, कोकणा आणि धोडिया समाजांच्या या जंगलव्याप्त, शेतीवर जगणाऱ्या मुलखात १९६०च्या दशकात पिपरिया येथे सहकारी तत्त्वावर पहिली औद्योगिक वसाहत उभी राहिली, पुढे मसाट आणि खडोली येथे वसाहती झाल्या, आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांत विक्रीकर व आयकरातील सवलतींमुळे, शिवाय वापीचे रेल्वेस्थानक आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग हाताशी असल्यामुळे, कारखान्यांची रीघ लागली. प्लास्टिकच्या वस्तू, तारा व केबल, तांबे, रसायने असा विविध माल येथे निघू लागला. मात्र या प्रदेशाची ओळख बनला तो टेक्श्चराइज्ड धागा, म्हणजे पॉलिएस्टरच्या सपाट, गुळगुळीत तंतूंना उष्णता आणि पीळ देऊन फुगीर व मऊ केलेला धागा.

या औद्योगिकीकरणात एक गोष्ट प्रारंभापासून दुभंगलेली राहिली. कारखाना सिल्वासात आला, परंतु वस्तूविषयीचा निर्णय फारसा आला नाही. कुठल्या रंगाची बादली काढायची, डब्याचे झाकण किती घट्ट ठेवायचे, धाग्याचा कोणता डेनिअर चालवायचा (डेनिअर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन), हे बहुतांशी मुंबईत, सुरतेत किंवा अहमदाबादेत ठरत गेले. अनेक कारखाने जॉबवर्कवर चालतात, म्हणजे कच्चा माल आणि बहुधा साचाही दुसऱ्याचा, मजुरी व यंत्र आपले, आणि तयार वस्तूवर नाव तिसऱ्याचेच. अशा व्यवस्थेत ग्राहकाची तक्रार नाममुद्रेच्या मालकाकडे जाते, तिथून खरेदीखात्याकडे, तिथून कधीतरी ‘रिजेक्शन’च्या आकड्याच्या रूपाने कारखान्यात. झाकण नेमके कोणत्या कोपऱ्यात तडकते हे सांगणारे गृहिणीचे वाक्य या प्रवासात गळून पडते आणि उरते ती केवळ वजावट. लवकर बाजारात येण्याविषयीचे जागतिक वाङ्मय निर्माता आणि विक्रेता एकच आहे असे गृहीत धरून लिहिलेले आहे. सिल्वासात ते गृहीतक टिकत नाही, आणि म्हणूनच हा विषय इथून पाहणे फलदायी ठरते.

निर्माता आणि वापरणारा यांच्यातील अंतर नेहमीच एवढे नव्हते. महाराष्ट्रातील बलुतेदारीत गावचा सुतार आणि लोहार वर्षभर औते-नांगर दुरुस्त करत व सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घेत. ज्याने नांगर घडवला त्याच्याच दाराशी तो मोडून परत येई, आणि पुढचा नांगर घडवताना कारागिराच्या हाताला ती मोड ठाऊक असे. तक्रारीची वाट इतकी आखूड पुन्हा कुठल्याच उत्पादनव्यवस्थेला साधली नाही. पण या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जातीने बांधलेल्या त्या नात्यात कारागिराला ग्राहक निवडण्याची मुभा नव्हती, मोबदला परंपरेने ठरलेला होता, आणि सुधारणेचे फळ सुधारणा करणाऱ्याला मिळण्याची सोयच नव्हती. म्हणून दुरुस्ती भरपूर झाली, नवी वस्तू क्वचितच निघाली. वाट आखूड असणे आणि त्या वाटेने आलेल्या ज्ञानाचा मोबदला मिळणे या दोन स्वतंत्र अटी आहेत, आणि त्यांतील दुसरी अट विसरली की काय होते याचे एक ठळक उदाहरण पुढे येईल.

यंत्रयुगातील पहिले मोठे मराठी उदाहरण नांगराचेच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून आधी कडबा कापण्याचे यंत्र बनवले आणि १९०३ साली लोखंडी नांगर सिद्ध केला. त्या नांगराला पहिला ग्राहक मिळायला दोन वर्षे लागली, कारण लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. या प्रसंगाचे स्मरण एरवी उद्योजकाच्या चिकाटीचा दाखला म्हणून केले जाते, आणि चिकाटी त्यात होतीच. परंतु प्रस्तुत विषयाच्या अभ्यासकाला त्यात वेगळेच काही दिसते. बाजारात ठेवलेल्या वस्तूला मिळालेला पहिला अभिप्राय तिच्या दोषाविषयी नव्हता, भीतीविषयी होता. फाळाची धार वाढवून किंवा वजन घटवून ती भीती जाणार नव्हती. कोणीतरी आपल्या शेतात नांगर चालवून, त्याच शेतात पीक उभे राहिलेले शेजाऱ्यांना दिसणे हाच तिच्यावर उपाय होता. म्हणजे काही अभिप्राय वस्तू बदलण्याची मागणी करतात, तर काही पुरावा मागतात, आणि या दोहोंत गल्लत केली तर चांगली वस्तू विनाकारण बदलली जाते. १९१०मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसली, नांगराबरोबर उसाचे चरक आणि पंप निघू लागले, आणि १९२०मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याची खबरबात देणारे पत्र शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या पत्राची नोंद पुढच्या ‘किर्लोस्कर’ मासिकाचे बीज म्हणून होते. लोखंड ओतणाऱ्या कारखान्याला आपला वाचक हवासा वाटावा, ही गोष्ट उद्योगाच्या इतिहासानेही नोंदवायला हवी.

जगाच्या पातळीवर या विचाराचे पहिले घराणे गुणवत्तेचे आहे. अमेरिकेत टेलिफोन-उद्योगात काम करणारे वॉल्टर शूहार्ट यांनी मालाची अपेक्षा ठरवणे, माल काढणे आणि माल तपासणे या तीन पायऱ्या सरळ रेषेत न मांडता वर्तुळात मांडल्या, म्हणजे तपासणीतून निघालेले ज्ञान पुन्हा अपेक्षेत शिरले पाहिजे असा आग्रह धरला. त्यांचे यासंबंधीचे पुस्तक १९३९चे. हाच विचार विल्यम एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५०मध्ये जपानी अभियंत्यांपुढे व्याख्यानांतून मांडला, आणि जपानने तो आपल्या पद्धतीने वाढवला. टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांच्या देखरेखीखाली जी उत्पादनपद्धती घडली तिच्यात दोष दिसताच कामगाराला संपूर्ण साखळी थांबवता येते. रोजच्या लहान लहान सुधारणांना तिथे काइझेन म्हणतात, आणि हा शब्द आज सिल्वासातील कारखान्यांच्या भिंतींवरही रंगवलेला दिसतो, जरी दोरी ओढून यंत्र थांबवण्याचा अधिकार त्या भिंतीखाली उभ्या असलेल्या ऑपरेटरला असेलच असे नाही. या घराण्याचे बळ शिस्तीत आहे आणि मर्यादाही त्याच जागी आहे : ठरलेली वस्तू अचूक कशी काढावी हे ते उत्तम शिकवते, परंतु ती वस्तू मुळात कोणाला हवी आहे का, हा प्रश्न त्याच्या कक्षेत फारसा येत नाही.

तो प्रश्न ऐरणीवर आणला दुसऱ्या घराण्याने, म्हणजे संगणकप्रणालींच्या जगाने. १९७०च्या सुमारास मोठ्या प्रणाली टप्प्याटप्प्याने लिहिल्या जात. आधी सगळ्या गरजा नोंदवायच्या, मग आराखडा, मग लेखन, मग चाचणी, आणि ग्राहकाला दर्शन अगदी अखेरीस. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५च्या आपल्या पुस्तकात असे सुचवले होते की पहिली आवृत्ती टाकून देण्यासाठीच बनते, तेव्हा तशी तयारी आधीच ठेवावी. वीस वर्षांनी नव्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच हे मत दुरुस्त करून थोडी थोडी वाढत जाणारी प्रणाली अधिक श्रेयस्कर ठरवली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये आपली अर्धवट कार्यप्रणाली जगापुढे ठेवली, पुढच्या वर्षांत असंख्य अनोळखी माणसांनी तिच्यातील दोष शोधले व दुरुस्त केले, आणि १९९४मध्ये तिची पहिली पूर्ण मानलेली आवृत्ती निघाली. एरिक रेमंड यांनी १९९७च्या निबंधात या अनुभवाला सिद्धान्ताचे रूप दिले, तर फेब्रुवारी २००१मध्ये युटा राज्यात जमलेल्या सतरा जणांनी ‘अजाइल’ या नावाने ओळखला जाणारा जाहीरनामा काढला. पुढे स्टीव्ह ब्लँक आणि एरिक रीस यांनी हीच पद्धत प्रणालींपुरती न ठेवता नव्या उद्योगाच्या उभारणीला लावली. रीस यांच्या २०११च्या ग्रंथामुळे ‘मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट’ ही संज्ञा, म्हणजे ग्राहकाविषयी काही शिकता यावे इतपतच सिद्ध केलेली किमान वस्तू, सर्वतोमुखी झाली. या संज्ञेतील ‘शिकता यावे’ हा भाग वगळून केवळ ‘किमान’ उचलण्याची प्रथा मात्र तितक्याच वेगाने पसरली.

पुण्यात याच काळात घडलेली एक गोष्ट या परंपरेशी ताडून पाहण्याजोगी आहे. कैलास आणि संजय काटकर या बंधूंच्या दुरुस्तीच्या व्यवसायात येणारे संगणक विषाणूंनी बाधित असत, म्हणून संजय यांनी ते साफ करणारी छोटी साधने लिहिली, आणि त्यांतूनच १९९०च्या दशकाच्या मध्यावर ‘क्विक हील’ ही प्रणाली उभी राहिली. दुरुस्तीचे टेबल हे त्यांचे तक्रारघर होते. नवा विषाणू आधी तिथे येई आणि त्यावरचा उपायही तिथेच तपासला जाई.

तिसरे घराणे समाजशास्त्राकडून आले आहे आणि भारतीय वाचकाने त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावे असे वाटते. आयोवातील शेतकऱ्यांनी संकरित मक्याचे बियाणे कसे स्वीकारले याचा ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी केलेला १९४३चा अभ्यास सांगतो की बहुतेकांनी आधी शेताच्या लहानशा तुकड्यात ते पेरून पाहिले आणि शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबूनच पुढे क्षेत्र वाढवले. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२मध्ये नवकल्पनांच्या प्रसाराचा जो सिद्धान्त मांडला त्यात ‘थोडक्यात अजमावून पाहता येणे’ हा वस्तूचा एक स्वतंत्र गुण मानला आहे. किर्लोस्करांच्या नांगरात नेमका हाच गुण नव्हता, कारण अर्धा नांगर विकत घेता येत नाही. एरिक फॉन हिपेल यांनी त्यापुढे जाऊन दाखवले की अनेक क्षेत्रांत खरी नवनिर्मिती उत्पादक करतच नाही, ती वापरणाराच करतो आणि उत्पादक ती नंतर उचलतो.

मोबदल्याची अट विसरल्याचे वर सूचित केलेले उदाहरण अशाच एका वापरणाऱ्याचे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३मध्ये पटेल-३ या भाताच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून वर्षानुवर्षे जो वाण जोपासला, तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शेतांत पसरला, व्यापाऱ्यांनी त्याला तेव्हा लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे ‘एचएमटी’ हे नाव दिले, आणि पुढे कृषी विद्यापीठाने त्याची शुद्ध केलेली आवृत्ती आपल्या नावाने प्रसारित केली. वस्तू लवकर लोकांत गेली, लोकांच्या शेतांत तावूनसुलाखून निघाली, आणि तिच्यापासून झालेला लाभ तिच्या कर्त्याकडे मात्र परतला नाही. २०१८मध्ये खोब्रागडे विपन्नावस्थेत निवर्तले. लवकर खुले करण्याचा उपदेश करणाऱ्या ग्रंथांत हा धडा सापडत नाही, आणि तो ज्यांना सर्वाधिक लागू आहे त्यांच्यापर्यंत ते ग्रंथ पोहोचतही नाहीत.

मोठ्या कारखानदारीत ही पद्धत कशी दिसते याची दोन उदाहरणे पुण्याजवळच मिळतात. १९९८च्या अखेरीस बाजारात आलेल्या इंडिका मोटारीला नोंदणी भरघोस मिळाली, पण तिच्या गुणवत्तेविषयी तक्रारींचा ओघही लागलीच सुरू झाला; त्या तक्रारी मनावर घेऊन केलेली ‘व्ही-टू’ ही दुसरी आवृत्ती २००१मध्ये आली आणि गाडीचे नाव तिने सावरले. येथे लवकर येणे ठरवून केलेले होते असे म्हणता येत नाही. सुधारणा मात्र ठरवून केली गेली. इंडिका बनवणाऱ्याच कंपनीच्या गिरीश वाघ यांच्या गटाने छोटा मालवाहू ट्रक घडवताना उलटा क्रम धरला : ट्रक आणि तीनचाकी चालवणाऱ्यांशी आधीच दीर्घ संवाद केला, त्यातून चालकाला भाराइतकीच चार चाकांची प्रतिष्ठाही हवी आहे हे हाती आले, आणि २००५मध्ये दोन सिलिंडरांचा ‘एस’ ट्रक रस्त्यावर आला. लोकांनी त्याला ‘छोटा हत्ती’ म्हटले, त्याच्या पाठीवर माणसेही बसवली, आणि २००७मध्ये त्याच ढाच्यावर प्रवासी वाहन निघाले. ग्राहकाने वस्तूचा केलेला अनपेक्षित वापर हाही अभिप्रायच असतो, किंबहुना प्रश्नावलीत कधीच न उमटणारा अभिप्राय असतो.

या सर्व वाङ्मयाची एक उणीव सिल्वासाच्या प्लास्टिक कारखान्यात उभे राहिले की चटकन ध्यानात येते. संगणकप्रणालीतली ओळ रात्रीतून बदलता येते. पोलादी साचा बदलता येत नाही. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये, म्हणजे वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरून वस्तू काढण्याच्या पद्धतीत, साच्याचा खर्च लाखांच्या घरात जातो आणि तो बनायला आठवडे लागतात. त्यात पॉलिप्रॉपिलीनसारखे प्लास्टिक थंड होताना साधारण एक ते दोन टक्के आकसते, आणि नेमके किती आकसेल हे भिंतीची जाडी, दाब, साच्याचे तापमान अशा अनेक गोष्टींवर ठरते, त्यामुळे झाकण डब्यावर बसते की नाही हे पहिली ट्रायल काढल्याशिवाय कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. यावर साचा बनवणाऱ्यांनी पूर्वीपासून एक युक्ती वापरली आहे. साच्यातले पोलाद नंतर घासून कमी करणे सोपे, पण एकदा घासून गेलेले पोलाद परत आणायचे तर वेल्डिंग करून पुन्हा कोरावे लागते. म्हणून जिथे मापाविषयी शंका असेल तिथे पोलाद मुद्दाम जास्त ठेवायचे आणि ट्रायलचे नग पाहून बेताबेताने काढायचे. लवकर बाजारात येण्याच्या विषयावर सभांतून जी भाषणे होतात त्यांपेक्षा या एका सवयीत अधिक शहाणपण आहे. काय अपुरे ठेवायचे हे ती आधी ठरवते, आणि अपुरे ठेवलेले अशाच बाजूने ठेवते की पुढची दुरुस्ती स्वस्त पडावी. ग्रंथात या तत्त्वाला ‘परतीची बाजू’ असे नाव दिले असून ॲल्युमिनियमचे तात्पुरते साचे, त्रिमितीय छपाईने काढलेले नमुने, आणि एकाच साच्यात बदलता येणारे तुकडे या सर्वांचा विचार त्याच अंगाने केला आहे.

धाग्याची गोष्ट आणखी अवघड आहे. टेक्श्चराइज्ड धागा कारखान्यातून निघताना डोळ्यांना निर्दोष दिसतो. यंत्रावरील एखाद्या हीटरचे तापमान किंवा ताण किंचित ढळला असेल, तर त्या धाग्याची रंग शोषण्याची क्षमता बदलते, पण हे कळते केव्हा, तर धाग्याचे रीळ, म्हणजे कोन, सुरतेला किंवा भिवंडीला जाऊन, कापड विणले जाऊन, रंगाच्या हौदातून बाहेर आल्यावर, त्यावर पट्टे उमटतात तेव्हा. तोवर त्या यंत्रावरून कितीतरी माल निघून गेलेला असतो, आणि विणणारा रंगाऱ्याला, रंगारी विणणाऱ्याला व दोघे मिळून धागेवाल्याला दोष देत असतात. मध्ये दलाल उभा असतो तो निराळाच. अशा साखळीत ‘ग्राहकाला विचारा’ हा सल्ला निरुपयोगी ठरतो, कारण ग्राहकाला दोष दिसतो पण दोषाचे ठिकाण दिसत नाही. उपाय दोनच संभवतात. एकतर प्रत्येक कोनावर यंत्राचा, स्थानाचा आणि पाळीचा क्रमांक असा राहिला पाहिजे की पट्टा दिसताच थेट त्या हीटरपर्यंत मागे जाता यावे; नाहीतर कारखान्याने मोजे विणण्याच्या लहान यंत्रावर प्रत्येक स्थानाचा नमुना स्वतःच विणून, रंगवून पाहावा, म्हणजे तक्रार बाजारात जाण्याआधीच घरात उमटावी. धागा-उद्योगात या दोन्ही रीती प्रचलित आहेत. त्यांच्याकडे गुणनियंत्रणाचा खर्च म्हणून पाहिले जाते, नव्या वस्तूच्या घडणीचे साधन म्हणून पाहिले जात नाही, हे ग्रंथाचे निरीक्षण मार्मिक आहे.

या मार्गाला मर्यादा आहेत आणि त्या स्पष्ट सांगायला हव्यात. औषधे, वैद्यकीय उपकरणे, विजेची साधने, लहान मुलांची खेळणी यांबाबत ‘आधी देऊन पाहू’ ही वृत्ती गैर आहे, आणि कायद्यालाही ती मान्य नाही : वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७चे नियम आहेत, खेळण्यांवर १ जानेवारी २०२१पासून भारतीय मानकाचे चिन्ह सक्तीचे आहे, आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादकावर स्वतंत्रपणे टाकली आहे. जिथे चुकीची किंमत ग्राहकाच्या शरीराला मोजावी लागते तिथे प्रयोग प्रयोगशाळेतच संपला पाहिजे. दुसरी मर्यादा प्रतिमेची. २००९मध्ये आलेल्या नॅनो मोटारीत पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या, परंतु ‘सर्वांत स्वस्त गाडी’ ही तिची पहिली ओळख पुसली गेली नाही आणि २०१८मध्ये उत्पादन थांबले. वस्तूची दुसरी आवृत्ती निघते, पहिल्या ओळखीची निघेलच असे नाही. तिसरी मर्यादा क्वचितच बोलली जाते, ती अशी की जे बोलतात त्यांचेच ऐकले जाते. दुकानात परत येऊन भांडणारा ग्राहक, मोबाइलवर तारे देणारा ग्राहक, इंग्रजीत पत्र लिहिणारा ग्राहक यांच्या मानाने याच प्रदेशातील खानवेल किंवा दुधनीच्या आठवडी बाजारात तीच बादली घेणारी बाई कारखान्याच्या दृष्टीने मुकी आहे, आणि तिची बादली मोडली तर ती पुढच्या वेळी दुसरी घेते, एवढेच.

आजच हा विषय घेण्याची निकड तीन घडामोडींतून निर्माण झाली आहे. १ जुलै २०१७पासून लागू झालेला वस्तू व सेवा कर मालाच्या उपभोगाच्या ठिकाणी वसूल होतो, त्यामुळे करसवलतीच्या पायावर उभ्या असलेल्या औद्योगिक ठिकाणांचे जुने आकर्षण ओसरले आणि केवळ स्वस्तात काढून देण्यापलीकडे काही देता येते का, हा प्रश्न सिल्वासातील लहान कारखानदारापुढे उभा राहिला. दुसरीकडे ऑनलाइन विक्रीमुळे त्याला प्रथमच आपल्या नावाने थोडा माल थेट विकून लोकांचे शेरे वाचता येऊ लागले, जरी त्या शेऱ्यांत खरे-खोटे निवडणे हे वेगळेच काम होऊन बसले आहे. तिसरी घडामोड सार्वजनिक क्षेत्रातील आहे. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत यूपीआयचा प्रारंभ झाला तो २१ बँकांबरोबर, प्रायोगिक रूपात. त्याच वर्षाच्या अखेरीस भीम ॲप आले, २०१८मध्ये यूपीआयची सुधारित आवृत्ती आली, आणि आज भाजीवालीच्या टोपलीपाशीही त्याचा चौकोन दिसतो. लहान आरंभ करून वाढत जाणे हे खाजगी उद्योगाचेच तंत्र आहे असे मानण्याचे दिवस त्यामुळे गेले.

प्रस्तुत ग्रंथ उद्योजकतेचे प्रेरणादायी पुस्तक नाही. तो प्रामुख्याने तीन वाचकांसाठी लिहिला आहे : जॉबवर्क करता करता स्वतःची एखादी वस्तू काढू पाहणारा कारखानदार, पाळीवर उभा राहून दोष सर्वांत आधी पाहणारा सुपरवायझर, आणि तंत्रनिकेतनात किंवा आयटीआयमध्ये शिकणारा स्थानिक विद्यार्थी, ज्याच्या घरातील पहिली पिढी नुकतीच कारखान्यात गेली आहे. सिद्धान्ताची ओळख आवश्यक तेवढीच ठेवून त्याने अधिक जागा साच्यांना, धाग्याला, पॅकिंगला आणि मालाच्या परतीच्या हिशेबाला दिली आहे. काही ठिकाणी हा तोल अतिरेकाकडे झुकतो आणि संगणकप्रणालींच्या अनुभवावर ग्रंथ थोडा अन्यायही करतो, असे एखाद्या वाचकाला वाटू शकेल. परंतु त्या बाजूने लिहिणाऱ्यांची वाण नाही, तेव्हा हे झुकणे क्षम्य मानावे.

ग्रंथाचा सर्वांत वादग्रस्त ठरू शकणारा भाग कराराविषयीचा आहे. साचा ज्याचा, बदलाचा अधिकार त्याचा, हा जॉबवर्कमधील रूढ संकेत त्याने थेट तपासायला घेतला आहे. दोष कारखान्यात सापडला आणि त्यावरचा उपायही कारखान्यानेच सुचवला, तर साच्यातील बदलाचा खर्च कोणी उचलावा, आणि त्या बदलामुळे रिजेक्शन घटले तर बचतीत कारखान्याचा वाटा किती असावा, याची कलमे त्याने मसुद्याच्या रूपात दिली आहेत. मोठ्या खरेदीदारांना ती सहज रुचतील असे नाही. त्यासोबत परिशिष्टात तक्रारनोंदीचा एक पानी तक्ता आहे, ज्यात दोषाचे चित्र काढायला अर्धे पान मोकळे सोडले आहे आणि मजकूर मराठी, गुजराती व हिंदी या तिन्ही भाषांत छापला आहे, कारण सिल्वासाच्या एकाच पाळीत या तिन्ही भाषा बोलणारी माणसे असतात, आणि त्यांतील काहींना त्यांपैकी एकीतही लिहिण्याची सवय नसते.